सदऱ्याचा वास

आमच्या घरी डॉक्टर कसे शिकतात, ते सांगते. आई जेलची डॉक्टर आहे. दोन महिन्यांतून एकदा इतर जेलांचे डॉक्टर लोहाऱ्याला आमच्याकडे जमतात आणि आपापल्या चुका एकमेकांना सांगतात.

त्या दिवशी मी चहा घेऊन आले तेव्हा आई सांगत होती, "नवा कैदी घामाने निथळत होता. दारू सुटल्यामुळे असेल म्हणून मी गोळी लिहिली. तेवढ्यात त्याच्या शेजारचे जुने कैदी किसनभाऊ म्हणाले, 'मॅडम, हा दारूचा घाम नाही जी. याच्या सदऱ्याचा वास घेऊन पाहा.' त्याला कपाशीवर फवारणी करतानाच पकडून आणलं होतं. सदऱ्यावरचं फवारणीचं विष अंगात भिनत होतं. आणखी उशीर झाला असता तर तो गेलाच असता."

"आता कुठे आहेत हे किसनभाऊ?" सर्वांत मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

"सुटले. मीच बोलावलंय. ते बघा."

किसनभाऊ दाराशी उकिडवे बसले होते. मोठे डॉक्टर म्हणाले, "वर बसा."

"नाही जी, डॉक्टरसमोर खालीच बसाची सवय हाय मले."

मोठे डॉक्टर वही घेऊन उठले आणि त्यांच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसले. "मग इथंच शिकवा. हा घाम कसा ओळखायचा?"

एकेक करून बाकीचेही खाली उतरले.

रिकाम्या खुर्च्यांपुढे मी ट्रे धरून उभी होते. पहिला कप कोणाला द्यायचा, हे मला विचारावं लागलं नाही.