गुलाबी मुठीचा चाकू

अडकित्त्याला धार लावून घ्यायला जयपालआण्णांच्या दुकानात उभा होतो. माझ्यापुढं खाकीतल्या हवालदारबाई.

"आण्णा, ड्यूटीवर जवळ ठेवायला चाकू दाखवा."

"ह्यो बघा मॅडम. नुसता उघडला तरी समोरचा चळाचळा कापतोय."

"मला भांडाय न्हाय जायचं. परवा बावड्याजवळ मोटार उसाच्या ट्रॉलीला धडकली. आत माणूस अडकलेला आणि सीटबेल्ट कापायला माझ्याकडं काय न्हाय. शेवटी ऊसतोडीवाल्याचा कोयता मागून कापला. त्या माणसापेक्षा मीच जास्त भ्यालो."

"मग ह्यो बोथट टोकाचा घ्या. आतल्या माणसाला टोचत न्हाय, आणि एका हातानं उघडतोय."

"हां, आस्सा पायजे."

"पण मॅडम, दिवाळीत ह्योच नेलता की!"

"साहेबांच्या वाढदिवसाला केक कापायला मागून नेला. परत आलाच न्हाय."

"पोलीस ठाण्यातनं चाकू गेला?"

"साहेबास्नी इचारलं, तर म्हणलं, 'ठाण्यातनं वस्तू जाईल कुठं?'"

"ते बी खरंच. मग काळ्या मुठीचाच देऊ?"

"काळा नको, परत जाईल. ह्यातलाच गुलाबी मुठीचा द्या. त्याला ठाण्यात कोण हात लावणार न्हाय."

"गुलाबी संपला, मॅडम. शेवटचा काल तुमचं साहेब घेऊन गेलं."

"साहेब? आणि गुलाबी?"

"व्हय की. म्हणलं, 'आमच्या ठाण्यात काळा टिकत न्हाय.'"