फाटकापर्यंत कागद लागत नाही

मंडळी, देवाच्या दारात बसलोय, तर एक प्रश्न विचारतो. सोपा आहे. उत्तर मनातल्या मनात द्या, शेजारच्याकडे बघू नका — त्याचंही चुकलेलं असतं.

तुम्ही एखाद्याला शब्द दिला. पुढं असं झालं, की तो माणूस तो शब्दच विसरला. शब्द विसरला, शब्द देणाऱ्याचं नाव विसरला, सकाळी चहा घेतला की नाही हेसुद्धा विसरला. तर आता तुम्ही सुटलात — की बांधलेलेच आहात?

पेटीवाले काका मान डोलावताहेत. काका, 'सुटलो' म्हणून डोलावली, की 'बांधलेला' म्हणून? ... दोन्हीला चालेल म्हणतात! वाजवणाऱ्यांचं हे बरं असतं.

पुराणांत याची उत्तरं पुष्कळ आहेत, पण पुराणातल्या राजांकडे रथ होते आणि रथांना विमा नव्हता. म्हणून आज राजा सोडू. आज आपण आजऱ्याला जाऊ. तिथं एका अंगणात हे उत्तर चार चाकांवर उभं आहे. ऐका!

आजऱ्यात केरबाअण्णा देवाळेकर म्हणून गृहस्थ. जन्मभर सरकारी जीपवर चालक. मागं साहेब, पुढं अण्णा. साहेब बदलले, टोप्या बदलल्या, मागच्या सीटवरची झोप तेवढी बदलली नाही. नोकरीत असतानाच अण्णांनी एक जुनी फियाट घेतली — साहेब लोकांच्या गाड्या रोजच्याच, ही एक आपली म्हणून. बायको हौसाबाई पुढं शेजारी, लहानगा मुलगा नंदकुमार मागं. देवाला जायचं तर फियाट, लग्नाला जायचं तर फियाट, कोपऱ्यावर मिरच्या आणायला जायचं तर — तेव्हाही फियाट, कारण एवढा वेळ गाडी एकटी उभी राहिली तर तिला काय वाटेल!

पुढं नंदू कोल्हापुरात गेला, फरशीचं दुकान काढलं, नवी गाडी घेतली. आणि इकडं अण्णांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा. मग वाट. आपल्या मनातून हळूहळू सगळं निसटतंय, हे अण्णांना कळत होतं, मंडळी. ते कळण्याचे दिवस फार वाईट. अशा एका दिवशी त्यांनी नंदूला फियाटजवळ बोलावलं आणि म्हणाले, "मी इसरणार हाय सगळं. तू एक कर. हिचा इम्याचा कागद कधी चुकवू नको." नंदू म्हणाला, "न्हाई चुकवणार, अण्णा."

झालं. शब्द दिला. आणि पुढं अण्णा खरोखरच विसरले. शब्द विसरले, नंदूलाही विसरले. नंदू घरी आला की उठून उभे राहायचे आणि म्हणायचे, "या साहेब." मिशी काढलेला, शर्ट खोचलेला माणूस म्हणजे साहेब! नंदूनं मिशी ठेवून बघितली. तर म्हणाले, "या मोठे साहेब."

तुम्ही हसलात. नंदूही बाहेर जाऊन सांगताना हसायचा. आत मात्र त्याला पाणी पिऊन यावं लागायचं.

एवढं सोडलं तर घरात अण्णा बोलतच नसत. खुर्चीत बसले की भिंत आणि ते, दोघं सारखेच गप्प. पण रोज सकाळी हौसाबाई त्यांना अंगणात न्यायची. फियाट आता चालू होत नव्हती, बॅटरी गेलेली. अण्णा गाडीभोवती एक चक्कर मारायचे. टायरला पायानं टोकरायचे. मग पुढचा खण उघडून विम्याचा कागद काढायचे, हात लांब करून धरायचे आणि बोट ठेवायचे — तारखेवर! तारीख जिवंत आहे ना? आहे. मग बोट खाली, दुसऱ्या ओळीवर. आत बसणाऱ्यांचा विमा धरलाय ना? धरलाय. नुसता समोरच्या माणसापुरता स्वस्तातला विमा अण्णांनी कधी काढला नाही. समोरचा तर वाचलाच पाहिजे, पण शेजारी बसलेली काय वाऱ्यावर सोडायची?

कागद बघून झाला की स्टिअरिंगमागं बसायचे, आणि मंडळी, गप्प असलेला माणूस बोलायला लागायचा! "हा आंबोलीचा घाट. इथं गियर पाडायचा." उभ्या गाडीत घाट! "गवा आडवा आला बघा." हौसाबाई म्हणायची, हळू घ्या. ते हळू घ्यायचे. मग रस्ता सरळ लागला की बायकोकडं बघून मोठ्या अदबीनं विचारायचे, "बाई, तुमी कुठं उतरणार?"

तिनं काय सांगावं?

ती म्हणायची, "तुमी उतराल तिथं."

रोज. तेच उत्तर. सप्तपदीत सात पावलं चाललो होतो आपण. ही बाई उभ्या गाडीत चालतेय!

आता विम्याकडे येऊ. विमा म्हणजे काय ते इथं समजावून सांगत नाही, नाहीतर मंडपाबाहेरचे एजंट आत येतील. एवढंच ध्यानात घ्या — कंपनी दरवर्षी गाडीची किंमत ठरवते, ती उतरत जाते. आणि हप्ता? तो चढत जातो. एक जिन्यानं खाली येतोय, एक वर चाललाय. एका वर्षी मधल्या पायरीवर दोघांची गाठ पडली, रामराम झाला. पुढच्या वर्षी हप्ता गाडीच्या किमतीला मागं टाकून निघून गेला! म्हणजे समजा फियाट चोरीला गेली असती, तर मिळालेल्या भरपाईतून पुढचा हप्ता भागला नसता.

नंदूनं एजंटला विचारलं. मिणचेकर त्यांचं नाव, सज्जन माणूस. ते म्हणाले, गाडी जुनी, सुटे भाग मिळत नाहीत. त्यात तुमच्या घरात दुसरी गाडी आहे, म्हणजे ही दुय्यम. दुय्यम गाडी उभी राहते, आणि उभी गाडी उंदीर खातात.

नंदू म्हणाला, "मग फिरवली तर?"

मिणचेकर म्हणाले, "फिरवली तर अपघात होतो."

सांगा आता! शास्त्रात इतकी सर्व बाजूंनी बंद केलेली वाट मी दुसरी पाहिली नाही.

नंदूनं विचार केला. चुकीचा विचार नव्हता हो, तुमच्या-आमच्यासारखा हिशेबी होता. दोन गाड्यांचे हप्ते, दुकानात मंदी, मुलीची फी. गाडी चालत नाही. अंगणातून हलत नाही. आणि ज्याला शब्द दिला त्याला मी कोण हेच ठाऊक नाही! त्यानं त्या वर्षी हप्ता भरला नाही. कुणाला सांगितलंही नाही.

पाऊस गेला, दसरा आला. नंदू नवी गाडी घेऊन आजऱ्याला आला. बघतो तर अण्णा अंगणात स्टुलावर, फियाटकडं तोंड करून बसलेले. गप्प. आईला विचारलं, गाडीत का नाही बसले? हौसाबाई कांदा चिरत होती. म्हणाली, कागदाची तारीख संपलीया. रोज उठतात, चक्कर मारतात, कागद बघतात, परत ठेवतात, स्टुलावर येऊन बसतात. बिनकागदाच्या गाडीत ते जन्मात बसलेले नाहीत.

"कधीपासून?"

"संपल्यापास्नं."

"मला सांगायचं न्हाईस?"

ती म्हणाली, "तू सांगितलंस काय मला?"

बघा, मंडळी! पोटचा पोर विसरला, बायको विसरली, स्वतःचं गाव विसरलं — आणि तारीख तेवढी वाचता येते! नंदूला आधी रागच आला. माझं नाव विसरायला जमतं, आणि हे बरं लक्षात राहतं! पण थोड्या वेळानं त्याला दुसरंच दिसलं. महिनोन् महिने हा माणूस एक शब्द बोललेला नाही. आणि हौसाबाईला कुणी विचारलेलं नाही, तुम्ही कुठं उतरणार म्हणून.

आता युक्ती सुचणार! कलियुगात पश्चात्तापाच्या आधी युक्ती सुचते. नंदू बाजारात गेला, संगणकवाल्याकडून त्याच कागदावर नवी तारीख टाकून घेतली. फुकटात पुण्य! हौसाबाईनं फाटकातच तो कागद ओळखला आणि त्याच्या हातातून काढून घेतला.

"त्ये इसरल्यात म्हणून फसवायचं?" ती म्हणाली. "मग मला बी सोपं हुतं की. गाडीत रोज इचारायचे, कुठं उतरणार म्हणून. सांगायचं हुतं कायबी? रोज खरं सांगायला मला काय कमी जड जात हुतं, नंदू?"

पेटी द्या, काका.

*आठव त्याचा सरला तरिही शब्द तुझा ना सरो,*
*देणाऱ्याने स्मरत रहावे, घेणारा विसरो!*

घेणाऱ्याला विसरायची मुभा आहे, मंडळी. देणाऱ्याला नाही.

नंदूनं मिणचेकरांना फोन लावला. मिणचेकर म्हणाले, आता अवघड झालं. इतकी वर्षं अण्णांनी कधी भरपाई मागितली नाही, त्याबद्दल सूट साचली होती. विमा तुटून महिने उलटले, ती सूट बुडाली. म्हणजे बघा — पुण्य क्षीण झालं! हप्ता आणखी वाढला. शिवाय कंपनीचा माणूस येऊन गाडीची पाहणी करणार, गाडी चालताना मोबाईलवर टिपणार, मगच कागद.

माणूस आला. कोवळा पोरगेला इसम, गळ्यात ओळखपत्र. अण्णा स्टुलावरून उठले. "या साहेब." त्यानं टायर बघितले, काचा बघितल्या, 'मागचं उजवं दार नीट लागत नाही' असं टिपून घेतलं. म्हणाला, चालू करा.

नंदूनं आपली नवी गाडी फियाटच्या तोंडाला तोंड लावून उभी केली, दोन वायरी जोडल्या, नवीतला करंट जुनीला दिला. हे बरीक योग्य झालं. लेकराच्या जोरावर म्हातारी उठली! पण नंदूनं किल्ली फिरवली, तर सून दारात आल्यावर सासरा खाकरतो तशी गाडी नुसती खाकरली आणि गप्प झाली. तिची खोड एकट्या अण्णांना माहीत. नंदू म्हणाला, अण्णा, तुम्ही बसा.

अण्णा म्हणाले, "कागद न्हाईत, साहेब. मी बसणार न्हाई."

पाहणीवाला म्हणाला, "आजोबा, गाडी चालल्याशिवाय कागद मिळत नाही."

अण्णा म्हणाले, "कागदाबिगर गाडी चालत न्हाई."

दोघांचंही बरोबर! अडली की नाही गाडी? तिकडं नियम, इकडं नेम, आणि मधे इंजिन थंड.

तेव्हा हौसाबाईनं काय केलं? पदर खोचला, दार उघडलं आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. आणि आतून म्हणाली, "अवो, अंगण आपलंच हाय. नंदूला शिकवताना तुमीच सांगायचा — फाटकापतूर कागद लागत न्हाई. फाटकापतूर घ्या की."

अण्णा उभे राहिले. विचार केला. नियमात बसत होतं. मग तेही बसले.

चोक ओढला. पाय दोनदा दाबला. कान लावला. किल्ली फिरवली — आणि गाडी बोलली, मंडळी! अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी बोलली. कोंबड्या उडाल्या, वायरी सुटल्या, नंदू नव्या गाडीला मागं घ्यायला धावला. फियाट निघाली, अंगण ओलांडलं, आणि फाटकाच्या उंबऱ्याला चाक टेकलं तशी थांबली. अण्णा म्हणाले, "इथनं पुढं कागद."

पाहणीवाला म्हणाला, "आजोबा, मोबाईलवर आलं नाही. पुन्हा एकदा?"

अण्णांनी गाडी मागं घेतली, पुन्हा फाटक. "आता ऊन आलं मधे. पुन्हा?" पुन्हा फाटक. घाट लागला, गवा आडवा गेला, हौसाबाई हळू घ्या म्हणाली. सगळा प्रवास त्या अंगणात झाला. त्या पोराच्या मोबाईलवर पहिल्याच खेपेला सगळं आलं होतं, हे त्यानं मला मागाहून सांगितलं. अशी माणसं कंपनीत असतात, मंडळी. कंपनीला माहीत नसतं.

नंदूनं हप्ता भरला. गाडीच्या किमतीहून जास्त हप्ता! कागद आला, खरा. रविवारी सकाळी त्यानं तो अण्णांच्या हातात दिला. हात लांब. बोट तारखेवर. बोट दुसऱ्या ओळीवर.

"आत बसणाऱ्यांचा धरलाय?"

"धरलाय, अण्णा."

"मग बसा साहेब."

नंदू मागं बसला, उजव्या बाजूला, अण्णांच्या पाठीशी. लहानपणीची जागा, आता गुडघे हनुवटीला लागलेले. हौसाबाई पुढं. आणि अण्णांनी मान न वळवता, समोर रस्त्यावर नजर ठेवून, उजवा हात मागं घातला. चाचपडले नाहीत. थेट त्या मागच्या दाराची कडी खाली दाबली आणि हात परत स्टिअरिंगवर.

म्हणाले, "दाराला टेकू नका साहेब. त्या दाराचा भरवसा न्हाई. आमचा पोरगा घाटात पडता पडता वाचला."

नंदू दारापासून सरकून बसला. आईनं मागं बघितलं नाही. मग त्यानं विचारलं, "पोरगा कुठं असतोय आता?"

अण्णा म्हणाले, "हाय की. हिचा कागद त्योच बघतोय."

मंडळी, आता मी काय सांगू? सांगायचं ते चालकानं सांगितलं.

जुनं झालं की किंमत उतरते आणि राखणं महाग होतं. हा नुसता गाडीचा नियम नाही. तुमच्याही घरी कुणीतरी स्टुलावर बसलं असेल, गाडीकडं तोंड करून. तुम्ही कधीतरी काहीतरी कबूल केलं होतं — दिवाळीला येतो, डोळ्यांचं ऑपरेशन करून आणू, तुझ्या माहेरी एकदा घेऊन जाईन. त्यांना आता आठवत नाही. आणि आपल्याला हुश्श झालंय. झालंय की नाही?

ज्यांना झालंय त्यांनी आरतीला जरा मागं उभं राहावं. ... नको. या, सगळे पुढंच या. काका, सूर धरा.

फक्त दाराला टेकू नका.