पाणथरी

अजिनाथ : ऊठ बबे, चप्पल घाल. रिक्षा खाली उभी हाय. घरी चकलांब्याला जाऊ, ऑपरेशनचं लग्नानंतर बघू.

बबिता : आबा, उद्या सकाळीच ऑपरेशन हाय. मी कुठंच येत न्हाई.

अजिनाथ : अन् शुक्रवारी दिंद्रुडचे पाव्हणे तुला बघायला येणारेत, त्यांना काय सांगू? पोरगी बीडात पोट फाडून घ्यायलीय?

गीताबाई : अहो, हळू. बाकीचे पेशंट बघायलेत.

अजिनाथ : तू गप. कावीळच हाय ना? माळ घातली की उतरती.

बबिता : उतरती अन् परत चढती. नाकात औषध टाकून झालं, दंडावर डाग देऊन झाला. कावीळ गेली का? डागच राहिला.

अजिनाथ : मग ह्यो डॉक्टर काय येगळं सांगायलाय?

बबिता : माझ्या रक्तातल्या तांबड्या पेशी चपट्या न्हाईत, चेंडूवानी गोल हायेत. डाव्या बरगडीखाली पाणथरी असती, तिच्यात त्या अडकत्यात अन् ती त्यांना फोडती. म्हणून डोळे पिवळे, म्हणून जिना चढले की धाप. सारखं रक्त चढवून कुठवर भागायचं? पाणथरी तर इतकी सुजलीय, पोटात घास मावत न्हाई. म्हणून तीच काढायचीय.

अजिनाथ : देवानं दिलेलं काढून टाकायचं? त्याच्याबिगर माणूस जगतंय व्हय?

बबिता : जगतंय. फक्त रोगजंतू लवकर धरत्यात, म्हणून ताप आला की अंगावर काढायचा न्हाई, लगेच दवाखाना गाठायचा. त्या जंतूंच्या लसी बी घेतल्यात मी.

अजिनाथ : लोक म्हणतील, पोरीच्या रक्तातच खोट हाय.

बबिता : हायच. अन् ते रक्त तुमच्या घरचं हाय. भिवरा आत्याचे डोळे कसे होते, आबा?

गीताबाई : बबे...

बबिता : बोलू दे, आई. ह्यांची सख्खी बहीण. सासरी कळू नये म्हणून मान वर करायची न्हाई. पोटुशी असताना अंगातलं रक्त आटलं, तरी कुणी दवाखान्यात नेलं न्हाई. लपवून लपवून शेवटी जिवानिशी गेलीच ना?

अजिनाथ : तिचं नाव काढू नको.

बबिता : काढणार. घरात दुसरं कुणी काढतच न्हाई.

अजिनाथ : मी पाव्हण्यांना काय सांगू ते सांग आधी!

बबिता : काहीच न्हाई. सकाळी मीच पोराला, हरिओमला, फोन केलता. सगळं सांगितलं.

अजिनाथ : सगळं? मग काय म्हणला?

बबिता : म्हणला, ऑपरेशन कर, पण आमच्या घरात कुणाला बोलू नको. मी म्हणलं, मग येऊच नका.

अजिनाथ : मला न इचारता मोडलं? जा, कर काय करायचं ते. माझी सही मिळणार न्हाई.

बबिता : नको. मी सज्ञान हाय. माझी मी केली.

गीताबाई : अन् तिच्याखाली मी केली. तुमाला जायचं तर जावा. मी पोरीपाशी थांबणार.

(ऑपरेशन होऊन चार दिवस झालेत. तोच वॉर्ड.)

गीताबाई : दारातच कशाला उभे? या की आत.

अजिनाथ : लई दुखायलंय का गं?

बबिता : दुखतंय. पण आज भाकर खाल्ली, आबा. पोटात जागा झालीय.

अजिनाथ : गीता, हिचे डोळे बघ की... पांढरे व्हायलेत.

गीताबाई : मी रोजच बघायलेय. बसा.

अजिनाथ : बसत न्हाई. धाकटीला आणलंय, स्वप्नालीला. तिचं बी रक्त तपासून घेऊ म्हणलं. पण खालीच अडून बसलीय, भ्यालीय.

बबिता : आणा तिला वर. मी सांगते.