चुंबकावर सुटणारे डबे

नेपियर टाउनच्या दवाखान्यात अवंती आपल्या नंबराची वाट पाहत होती. शेजारच्या बाकावर रेल्वेतून रिटायर झालेले नारायणराव आणि त्यांच्या पत्नी कुसुमबाई बोलत बसले होते; तिला सगळं ऐकू येत होतं.

“सकाळपासून तुम्ही त्या खेळण्यातल्या गाडीशी काय करून राहिले होते?” कुसुमबाईंनी विचारलं.

“रुळाखाली चुंबक बसवला. गाडी त्याच्यावर थांबवली की डबे आपोआप सुटतात.”

“अच्छा! म्हणजे काडी घालून सोडवणं बंद?”

“बंद. हात थरथरतो ना, डबा आडवाच पडते.”

“सुटले बाई! तुम्ही काडी घेऊन वाकले की मला तुमची यार्डातली ड्यूटी आठवे.”

“काहून? जन्मभर डबे जोडले, सोडवले. एक बोट तरी गेलं का माझं?”

“तुमचं नाही गेलं. पण तुम्ही दोन डब्यांच्या मधात शिरले अन् इंजिन हललं तर, ही धास्ती राहे. तुमच्या सायकलची घंटी ऐकल्याशिवाय मी तव्यावर पोळी टाकत नव्हते.”

“कधी बोलली नाहीस.”

“बोलून ड्यूटी सोडली असती?”



“कुसुम, खेळण्यातल्या डब्यांच्या मधात मी तो डबे जोडणारा शंटिंगवाला बाहुला उभा केला आहे ना, त्याला घरी गेल्यावर काढतो.”

“अन् ठेवता कुठं?”

“रुळाच्या बाजूला ते छोटं क्वार्टर मांडलं आहे ना, त्याच्या दारात. सायकल घेऊन.”

“चलो. मग टाकते मी पोळी.”