मोतीबाईचा ढावलो

दुसऱ्याचं बोलणं ऐकायची विजयमालाला मुळीच सवय नव्हती, पण पांढरकवड्याच्या बसस्टँडवर एकाच बाकावर जागा होती. त्यावर पिक्चर पाहून आलेलं बंजारा तांड्यावरचं म्हातारं जोडपं बसलं होतं. दोन्ही थैल्या बाईच्या मांडीवर होत्या.

म्हातारा म्हणाला, "गुलाम बेड्या तोडून राह्यले, मालकाची हवेली पेटली, अन् मांगून तुयं गाणं. ढावलो. नवरी भावाच्या गळ्यात पडून रडते, थे."

"मंग? बेसूर झालं काय?"

"थो संगीतवाला तांड्यावर आलता, तवा त्यानं काय मांगतलं होतं, मोती?"

"गुलामगिरीचं गाणं."

"अन् तू सासरी जायाचं देलं. वा. लय हुशार."

"त्यानं आयकलं, डोये पुसले, अन् म्हने हेच पायजे."

"त्याले आपली बोली कुठं समजते?"

"तुमाले तं समजते ना."

"पण लढाईचं एखादं येत नव्हतं काय तुले?"

"शिकाचं होतं. सैपाकातून उठूच नाही देलं कोणी."

बस लागली. म्हाताऱ्यानं घसा खाकरला.

"आन, एक थैली दे मायाजवळ."

"राहू द्या. बेड्या तोडाचा पिक्चर सुटला आता."