खिडकीवरची भेग

...अन् भेग दिसली त माणूस बुजवन, नाही त का तिची पूजा करन? तुमाले सांगतो, गावची मंडईची जत्रा तोंडावर, सासुरवाडीचे पाहुणे येऊन राहिले, अन् बायको म्हणे, "भेगा बुजवा, पांढऱ्या मातीची छुई मारा, पण खिडकीवरची भेग सोडजा जी. तिथं माही बाई राहते, अंड्यावर बसली आहे!"

बाई कोण? कोळी! आमच्या बायकोची, दुर्गेश्वरीची, लाडाची! वालाच्या दाण्याएवढी, उदी रंग, पाठीवर फिक्का पट्टा, अंगभर लव... अन् डोळे? आठ! समोरचे दोन त मोटरसायकलच्या हेडलाइटवानी! जाळं विणाची भानगड नाही. बल्बखाली मांजरासारखी दबा धरते, टुन्नकन उडी, माशी खल्लास!

बरं, मी छुई मारून राहिलो, मोबाईलवर दंडारीचं गाणं, हात चालला की चालला, अन् त्या तालात खिडकीवरची भेगबी... चप्प! मी का जाणूनबुजून केलो का जी?

अन् कोळीबाई बाहेर होती, शिकारीले! परत आली. पांढऱ्याफेक भिंतीवर एकटीच. इकडे पळे, तिकडे उडी मारे... घर कुठं गेलं? मंग गर्रकन वळली अन् थेट माह्याकडे पाहू लागली. कोणाचं लेकरांसकट घर लिंपून टाकलो मी!

चमचा घेतलो, खोदाले लागलो. पण सारीच भिंत पांढरी, भेग होती कुठं? इथं खोदलो, नाही. तिथं खोदलो, नाही... अंड्यांची पिशवी काही सापडलीच नाही. बायको आली तवा भिंतीची चाळणी!

"काऊन जी, बंदूक चालवली का?"

"हवेसाठी..." म्हणलो.

तिनं बाईकडे पाहिलं, माह्याकडे पाहिलं, अन् माह्या हातचा चमचा घेऊन घासाले बसली. शिव्या दिल्या असत्या त बरं झालं असतं! मी का जाणूनबुजून केलो का जी?

मंडईले साळा टिकाराम आला, म्हणे, "भाऊजी, भिंतीले गोवर निघाला का?" आता भोकं बुजवाचीबी सोय नाही! एका भोकात कोळीबाईनं नवा पांढरा बिछाना घातला, तिथंच बसून राहते. सारे पाहुणे पाहतात भोकाकडे, अन् भोकातून ती पाहते माह्याकडे. काल म्हणलो, जाऊ दे, भिंतीकडे पाठ करून जेवू. पाट फिरवून बसलो...

त समोर दुर्गेश्वरी! आता जेवू कोणीकडे तोंड करून, तुम्हीच सांगा!