माझा एक्स-रे आणि ह्यांची कमजोरी

माझं माहेर कणकवलीच्या पुढचं, वडील गिरणीत म्हणून आम्ही लहानपणीच मुंबईत आलो, आणि लग्न करून मी घाटकोपरला आले, चाळीतल्या एका खोलीत सासूबाई, आमचे हे आणि मी. मी साकीनाक्याला कारखान्यात पॅकिंगला जायचे, आठव्या महिन्यापर्यंत उभ्याने काम केलं, कधी चक्कर नाही की काही नाही.

मुलगी झाली आणि तीन आठवड्यांनी पाय सुजले. काय सांगू तुम्हाला, आडवं पडलं की श्वास अडकायचा, बसूनच डुलक्या काढायच्या, आणि सासूबाई शेजारणींना सांगतात, सुनेन बाळसा धरल्यान हा गो. बाळसं! टम्म सुजले होते मी, आणि ह्या बाईला बाळसं दिसत होतं. वर डिंकाचे लाडू, खारं सुकट, खाटेखाली शेगडी. ह्यांना विचारलं तर म्हणे, आईला कळतं. ह्यांना स्वतःला काय कळतं ते मला अजून समजलेलं नाही.

शेवटी माझ्या वडिलांनी टॅक्सी आणली नि हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडाला धरला, म्हणाल्या, हृदयाचे स्नायू सैल पडलेत, हृदय मोठं झालंय, रक्त पुढे ढकलायची ताकद नाही म्हणून पाणी साचतंय. बरोबर आलेल्या सासूबाई लगेच, हे माहेराहून आणलंय काय? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुणाला दारूने होतं, कुणाला तापानंतर, कुणाच्या घराण्यात असतं, हिला बाळंतपणामुळे झालेलं दिसतंय, नेमकं का ते आम्हालाही सांगता येत नाही. एवढ्यातलं सासूबाईंनी दारू तेवढं ऐकलं आणि माझ्या बापाकडे बघितलं, ज्याने जन्मात थेंब घेतला नाही.

मीठ बंद, लघवीच्या गोळ्या, हृदयाच्या गोळ्या, वजन उचलायचं नाही. माहेरी राहिले म्हणून जगले. वर्षभराने एक्स-रेत हृदय लहान झालेलं दिसलं, जिना चढता यायला लागला. पण बाईंनी ह्यांना समोर बसवून सांगितलं, दुसरं मूल नको, हिच्या जिवावर बेतेल, आणि ऑपरेशन तुम्हीच करून घ्या, हिला भूल देण्यात धोका आहे. तर हे म्हणतात कसे, पुरुषाला त्याने कमजोरी येते, मला रोज कामाला जायचं असतं. अहो, ऑफिसात फायली ह्या टेबलावरून त्या टेबलावर ठेवतात, पोती नाही उचलत! मी म्हटलं, मग माझ्यापासून लांब राहा. राहिले, तोंड फुगवून.

आता मुलगी पहिलीत आहे. मागच्या महिन्यात तपासायला गेलो, बाई खूश, म्हणाल्या, हृदय जवळपास पहिल्यासारखं झालंय, कामावर जा, पण दिवस राहिले तर परत बिघडू शकतं. खाली बसस्टॉपवर आलो, मला वाटलं, माणसाला आनंद झाला असेल. तर हे हळूच मला विचारतात, बिघडू शकतं म्हणाल्या, बिघडेलच असं नाही ना म्हणाल्या?

त्या दिवसापासून ह्यांचं अंथरूण मी गॅलरीत घालते. शेजारी विचारतात, मी सांगते, आत उकडतं ह्यांना. सासूबाई नातू नातू करतात, करू देत. मला माझी पोरगी मोठी झालेली बघायचीय. देव ह्यांनाही सुखी ठेवो, पण गॅलरीत.